वास्तूतून दागिना: स्तूप, शिखर, घुमट आणि जाळीच्या प्रतीकांवर बेतलेले हस्तघडणीचे दागिने – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवित्र वास्तू माणसाला हलवते. उंबरठा ओलांडायला लावते, प्रदक्षिणा घालायला लावते, मान वर करून शिखराकडे बघायला लावते. दागिना मात्र माणसाच्या अंगावर बसून त्याच्याबरोबर हलतो. या बदलात काय टिकवायचं आणि काय सोडायचं, याचीच ही उत्तरं आहेत. आकडे ९२.५ टक्के चांदीचे धरले आहेत. धातू वेगळा असेल तिथे तसं लिहिलं आहे.

‘टेंपल ज्वेलरी’ म्हणतात ती हीच का?

नाही. त्या दागिन्यांत देवतेची मूर्ती, हत्ती, मोर, कमळ यांना मुख्य जागा असते. इथे मुख्य जागा वास्तूची: तिचा तळनकाशा, उभा छेद, दार, जाळी, घुमट. मूर्ती नसली तरी चालतं, मांडणी मात्र हवी. केंद्र कुठे, कड कुठे, आत जायची वाट कोणती आणि वरची दिशा कोणती, या चार गोष्टी दागिन्यात दिसल्या की कोरीवकाम थोडं असलं तरी वास्तू ओळखू येते. त्या हरवल्या तर कितीही बारीक नक्षी काढा, ती वेलबुट्टीच राहते.

कुठल्या दागिन्यासाठी वास्तूचा कुठला भाग घ्यावा?

दागिना कुठून दिसतो ते आधी बघा. अंगठी घालणारा स्वतः ती वरून बघतो, म्हणून अंगठीला तळनकाशा शोभतो. कानातलं समोरून आणि बाजूने दिसतं, खाली लोंबतं. त्याला शिखर, मनोरा, कमान असा उभा आकार हवा. पदक छातीवर सपाट बसतं, म्हणून वर्तुळाकार खिडकी, मंडल किंवा दार त्याला योग्य. बांगडी हाताभोवती फिरते आणि तिला सुरुवात-शेवट नसतो. प्रदक्षिणापथाभोवतीचा कठडा, म्हणजे स्तूपाची वेदिका, हा बांगडीचा अगदी स्वाभाविक विषय आहे.

चुका बहुतेक इथेच होतात. अंगठीवर २० मिलिमीटर उंच शिखर उभं केलं की ते खिशात अडकतं, लोकरीचे धागे ओढतं आणि वाकतं. अंगठीवरचा उंचवटा ८ मिलिमीटरच्या आत ठेवा आणि कळसाचं टोक निदान अर्धा मिलिमीटर त्रिज्येने गोल करा.

कोणते आकार धातूत चांगले उतरतात?

चैत्यकमान सगळ्यात सोपी आणि सगळ्यात बोलकी. कार्ले किंवा भाजे लेण्याच्या दर्शनी भागावरची ही घोड्याच्या नालासारखी कमान मुळात वाकवलेल्या लाकडी छपराचं दगडातलं रूप आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, छताच्या जुन्या लाकडी फासळ्या आजही दिसतात. म्हणून ती पत्र्यातून कापण्यापेक्षा तारेतून वाकवावी. १.५ मिलिमीटरची चौकोनी तार बाहेरच्या कमानीला आणि ०.८ मिलिमीटरची गोल तार आतल्या फासळ्यांना घेतली की वाकलेल्या लाकडाचा ताण आपोआप दिसतो. कमानीचे पाय खाली किंचित आत वळायला हवेत. ते सरळ सोडले तर ती कुठल्याही दाराची कमान होते.

सांचीचं तोरण म्हणजे दोन खांब आणि त्यांवर तीन आडव्या, किंचित वाकलेल्या, टोकांना वेटोळी असलेल्या पट्ट्या. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली अशी चार तोरणं मोठ्या स्तूपाच्या चार दिशांना आहेत. प्रत्येक दारापाशी कठडा काटकोनात वळतो, त्यामुळे वरून बघितलं तर दारं आणि कठडा मिळून स्वस्तिक तयार होतं. हा नकाशा अंगठीसाठी फार सुंदर आहे.

इंडोनेशियातल्या बोरोबुदूर या बौद्ध वास्तूच्या वरच्या तीन गोल गच्च्यांवर ३२, २४ आणि १६ असे एकूण ७२ जाळीदार स्तूप आहेत आणि मध्यभागी एक मोठा. हे आकडे ४:३:२ या प्रमाणात आहेत. पदकात १२, ९ आणि ६ मिलिमीटर त्रिज्येची वर्तुळं आखून त्यांवर तितकेच रवे, म्हणजे धातूचे बारीक गोल दाणे, बसवले तर तिन्ही वर्तुळांवर दोन रव्यांच्या मध्यांमधलं अंतर सारखंच येतं, सुमारे २.३६ मिलिमीटर. रवा १ मिलिमीटरचा घेतला की मोकळी जागाही नेटकी उरते. मोजणी मुळातच अशी जुळलेली असताना डोळ्याला बरं वाटेल म्हणून रवे कमी-जास्त करू नका.

फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलमधल्या गुलाबखिडक्या बारा भागांच्या आहेत. मधलं लहान वर्तुळ, त्यातून निघणाऱ्या पाकळ्या आणि बाहेरची कड अशी ही रचना पदकाला जवळपास जशीच्या तशी चालते. इस्लामी वास्तूंमधल्या तारकाजाळ्यांत कड अशी नसतेच. नक्षी चौकटीपलीकडेही चालू राहील असं वाटायला हवं. म्हणून त्या कापताना काठावरचा तारा मुद्दाम अर्धा ठेवतात. पूर्ण तारा मध्यभागी बसवून भोवती गोल कड घातली की आकार देखणा होतो, पण अमर्यादपणाचा अर्थ निघून जातो.

इस्तंबूलमधल्या आयासोफियाच्या घुमटाच्या तळाशी ४० खिडक्यांचं कडं आहे. त्यातून येणाऱ्या उजेडामुळे एवढा जड घुमट अधांतरी तरंगल्यासारखा दिसतो. दागिन्यात घुमटाच्या माथ्यावर नक्षी करण्याऐवजी त्याच्या तळाशी भोकांची एक रांग काढा. १६ मिलिमीटर व्यासाच्या घुमटाला १ मिलिमीटरची २० ते २४ भोकं पुरतात. ४० काढली तर मधल्या दांड्या पाव मिलिमीटरच्या होतात आणि घासताना तुटतात.

शार्त्रच्या फरशीवरची वळणवाट पदकात बसेल का?

हिशोब करून बघा. ती वाट ११ फेऱ्यांची आहे आणि मधलं केंद्र साधारण व्यासाच्या पाव भागाएवढं आहे. ३६ मिलिमीटरच्या पदकात केंद्राची त्रिज्या ४.५ मिलिमीटर धरली तर फेऱ्यांसाठी १३.५ मिलिमीटर उरतात. म्हणजे भिंत आणि वाट मिळून प्रत्येक फेरीला जेमतेम १.२ मिलिमीटर. एवढ्यात वाट आरपार कापू नये. भिंती एका टोकाने लोंबकळत्या पट्ट्या होतात आणि पहिल्याच धक्क्याला वाकतात. ११ फेऱ्या हव्यात तर कोरून काढा आणि कोरलेल्या रेषा काळ्या करा. तारेच्या भिंती झाळायच्या असतील तर ७ फेऱ्यांची जुनी रचना घ्या. तिथे फेरीला १.९ मिलिमीटर मिळतात: ०.८ ची तार आणि १.१ ची वाट.

या वाटेला फाटे नसतात. ती एकच असते आणि चालणाऱ्याला केंद्रापर्यंत नेते. नक्कल करताना एक भिंत जरी चुकीच्या जागी जोडली गेली तर वाट बंद होते. झाळण्याआधी सुईच्या टोकाने पूर्ण वाट एकदा चालून बघा.

एवढी मोठी वास्तू लहान करताना काय गाळायचं?

२० मीटर उंचीचं शिखर २५ मिलिमीटरच्या लोलकात आणलं तर प्रमाण १:८०० होतं. दगडातला १० सेंटिमीटरचा थर तिथे ०.१२५ मिलिमीटरचा होईल. तो कापता येत नाही, आणि कापला तरी घासताना जातो. चांदीत ०.४ मिलिमीटरपेक्षा बारीक उठाव टिकतो असं धरू नका.

म्हणून थर मोजून उतरवायचे नाहीत. देवळाच्या उभ्या छेदात जगती (चौथरा), पीठ (भिंतीखालचा तळ), मंडोवर (भिंत), शिखर, आमलक (शिखरावरची खाचदार चकती) आणि कळस एवढे भाग ठळक ठेवा. प्रत्येक भागात पाच-सहा थर असतील तर दोनच दाखवा, पण खालचा जाड आणि वरचा बारीक हा उतार सांभाळा. आमलक आणि कळस प्रमाणापेक्षा थोडे मोठे घ्यावे लागतात, १.२ मीटरचा कळस १:८०० ने १.५ मिलिमीटरचा होतो, तो २.५ मिलिमीटर केला तरच दिसतो. ही फसवणूक नाही. खालून मान वर करून बघणाऱ्यालाही कळसच आधी दिसतो.

आराखडा कसा आखायचा?

कंपास आणि पट्टीने, प्रत्यक्ष मापाच्या चौपट. मोठ्या आराखड्यातली अर्धा मिलिमीटरची चूक लहान करताना तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे ०.१२५ मिलिमीटर होते. प्रत्यक्ष मापात आखलेली चूक तशीच राहते.

सहा भाग हवे असतील तर वर्तुळाच्या त्रिज्येएवढं अंतर परिघावर सहा वेळा घ्या. बारा भागांसाठी एकमेकांना काटकोनात दोन व्यास काढा आणि त्यांच्या चारही टोकांवर कंपास ठेवून त्याच त्रिज्येने दोन्ही बाजूंना खुणा करा. बारा बिंदू मिळतात. आठ टोकांचा तारा म्हणजे एकाच वर्तुळातले दोन चौरस, एक दुसऱ्यापेक्षा ४५ अंशांनी फिरवलेला. वास्तुपुरुष मंडलासाठी, म्हणजे देवळाच्या तळनकाशाच्या पारंपरिक चौकटीसाठी, चौरसाचे ८×८ म्हणजे ६४ किंवा ९×९ म्हणजे ८१ पदं पाडतात. दागिन्यासाठी ८१ ची मांडणी जास्त सोयीची, कारण तिच्यात मधोमध एक पूर्ण पद येतं आणि खडा तिथे बसतो. ६४ मध्ये केंद्र रेषांच्या छेदावर येतं.

आखलेला कागद पत्र्यावर पातळ डिंकाने चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. ओला कागद करवतीखाली सरकतो आणि मग सगळी भूमिती तिरकी होते.

पत्रा किती जाड घ्यावा?

जाळीच्या पदकाला १ मिलिमीटर, कानातल्याला ०.७ ते ०.८, उठावकामाला ०.५ ते ०.६, बांगडीच्या कठड्याला १.२. जाळीतली कुठलीही दांडी पत्र्याच्या जाडीपेक्षा अरुंद ठेवू नये.

वजन आधीच काढता येतं. ३६ मिलिमीटर व्यासाच्या आणि १ मिलिमीटर जाडीच्या अखंड चकतीचं वजन सुमारे १०.५ ग्रॅम भरतं. त्यातला ४० टक्के भाग कापून गेला तर ६.३ ग्रॅम उरतात. कापलेला चुरा आणि तुकडे वेगळे जपून ठेवा. डाख (सांधा जोडणारा, लवकर वितळणारा मिश्रधातू) लागलेले तुकडे स्वच्छ चांदीत मिसळू नका, नाहीतर पुढचा पत्रा ठिसूळ होऊ शकतो.

जाळी कापताना पाती सारखी तुटते. काय चुकतं?

बहुतेक वेळा पाती आणि पत्रा यांची जोडी चुकलेली असते. पत्र्याच्या जाडीत एका वेळी निदान दोन दात असायला हवेत. १ मिलिमीटरला २/० आणि ०.८ ला ४/० नंबरची पाती चालते. जाड दातांची पाती पातळ पत्र्यात अडकते आणि झटक्यात तुटते.

दुसरं कारण ताण. पाती चौकटीत घट्ट बसली की बोटाने छेडल्यावर स्पष्ट, उंच आवाज देते. ढिली पाती वळणावर पिळली जाते. दात खाली, मुठीच्या दिशेला असावेत, कारण कापणं खाली ओढताना होतं. वर नेताना जोर लावायचा नाही.

तिसरं कारण कोपरे, आणि तारकाजाळीत कोपरेच कोपरे असतात. टोकदार कोपऱ्यात पाती पुढे न ढकलता जागेवरच वर-खाली चालू ठेवायची आणि पत्रा हळूहळू फिरवायचा. पाती स्वतःला वळायला जागा करून घेते. चालती पाती थांबवून वळवली की तुटलीच. अगदी टोकदार कोपरा हवा असेल तर दोन्ही बाजूंनी वेगवेगळं कापत कोपऱ्यापर्यंत या.

प्रत्येक खिडकीत ०.८ ते १ मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून पाती ओवायची असते. भोक रेषेवर नको, टाकून द्यायच्या भागात हवं. आधी मधल्या खिडक्या, मग बाहेरच्या, आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी. कड आधी कापली तर पत्रा धरायला जागा उरत नाही आणि मधल्या दांड्या दाबाने वाकतात. पातीला अधूनमधून मेण लावा, पण थोडंच. जास्त मेणात चुरा अडकून दात भरतात. रेषेच्या आतून कापा आणि रेष कानशीसाठी ठेवा. पाती स्वतःच पाव मिलिमीटरच्या आसपास धातू खाते, हे आराखड्यात धरलेलं असावं.

कठड्याची बांगडी कशी करायची?

पट्टीची लांबी काढताना आतल्या व्यासात पत्र्याची जाडी मिळवा. ६० मिलिमीटर आतल्या व्यासाला १.२ मिलिमीटरचा पत्रा असेल तर लांबी ६१.२ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे १९२ मिलिमीटर. ३२ खांब घेतले तर एका खांबाला आणि त्याच्या मोकळ्या जागेला बरोबर ६ मिलिमीटर मिळतात. खांबांमधल्या आडव्या सूची तीन ठेवा आणि वरची उष्णीष, म्हणजे कठड्याच्या माथ्याची पट्टी, थोडी रुंद. सांध्याच्या जागी मोकळी जाळी न येता अख्खा खांब यावा, असं मोजा. जाळीवर पडलेला सांधा लपत नाही. आधी सपाट पट्टीत जाळी कापा, मग ताव देऊन, म्हणजे तापवून मऊ करून, लाकडी हातोडीने गोल दांड्यावर वळवा. लोखंडी हातोडी दांड्या चेपते.

घुमट आणि शिखर कसे घडवतात?

घुमटासाठी गोल खळ्यांचा ठोकळा आणि त्याला जुळणाऱ्या ठोकण्या लागतात. पूर्ण अर्धगोलासाठी चकती घुमटाच्या व्यासाच्या सुमारे १.४ पट घ्या: १४ मिलिमीटरच्या घुमटाला २० मिलिमीटरची चकती. मोठ्या खळीतून सुरुवात करून एकेक पायरी लहान खळीत जायचं. एकदम लहान खळीत ठोकली तर कडेला सुरकुत्या पडतात. प्रत्येक दोन-तीन खळ्यांनंतर ताव द्या. कमी उजेडात चांदी मंद गुलाबी-लाल दिसली की ताव पुरेसा झाला. लालभडक झाली तर कण मोठे होऊन पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो.

घुमटावर जाळी हवी असेल आणि घुमट उथळ असेल तर आधी कापून नंतर लाकडी ठोकणीने फुगवता येते. खोल घुमटात भोकं ताणली जाऊन लांबट होतात, म्हणून आधी घुमट, मग जाळी.

शिखरासाठी शंकू हा चांगला पाया. तळाचा व्यास १२ आणि तिरकी उंची २४ मिलिमीटर असेल तर उलगडलेला पत्रा बरोबर पाव वर्तुळ होतो: २४ त्रिज्या, ९० अंश. सरळ उंची २३ मिलिमीटरच्या वर येते आणि ०.६ च्या पत्र्यात वजन सुमारे २.८ ग्रॅम, म्हणजे कानातल्याला आरामात चालेल. नागर (उत्तर भारतीय पद्धतीच्या) शिखराची बाजू सरळ नसून बाहेर फुगत वर आत वळते. तेवढ्यासाठी सांधा झाळल्यावर शंकू दांड्यावर चढवून वरचा तिसरा हिस्सा आत घ्यावा लागतो. भूमिज शिखर, जसं अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरात किंवा सिन्नरच्या गोंदेश्वरात आहे, त्यात लहान शिखरांच्या उभ्या रांगा असतात. त्या वरच्या दिशेने लहान होत जाणाऱ्या रव्यांनी फार छान दाखवता येतात.

आमलकासाठी भरीव चपटा मणी घ्या आणि त्रिकोणी कानशीने त्यावर उभ्या खाचा पाडा. आधी समोरासमोर चार, मग त्यांच्या मधे चार, मग आठ. एका बाजूने ओळीने पाडत गेलं की शेवटची पाकळी हमखास अरुंद येते.

एक गोष्ट विसरू नका: बंद पोकळ आकाराला हवा जायला भोक हवंच. ०.८ मिलिमीटर पुरेसं आहे, कळसाखाली किंवा तळाला लपवा. भोक नसेल तर तापवताना आतली हवा फुगून सांधा फाटतो, कधी तुकडा उडतो. झाळल्यावर साफ करायचं आम्ल त्याच भोकातून आत जातं, म्हणून नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून आतलं आम्ल मारा. नाहीतर ते महिन्यांनी पाझरतं आणि त्वचा चुरचुरते.

रवे एकसारख्या मापाचे कसे करायचे?

तारेचे सारख्या लांबीचे तुकडे कोळशावर तापवा. वितळले की पृष्ठताणामुळे ते आपोआप गोल होतात. ०.५ मिलिमीटर तारेचा १ मिलिमीटर तुकडा सुमारे ०.७२ मिलिमीटरचा रवा देतो. १ मिलिमीटरचा रवा हवा असेल तर त्याच तारेचा २.६७ मिलिमीटर तुकडा लागतो. तार बारीक दांड्यावर गुंडाळून कड्या कापल्या की सगळे तुकडे सारखे येतात. तुकडे एकमेकांना चिकटले तर दोन रव्यांचा एक मोठा होतो, म्हणून कोळशाच्या भुकटीत थरांनी पेरा.

डाखाशिवाय रवे बसवायचे असतील तर रवे आणि पत्रा शुद्ध चांदीचे घ्या. डिंकात मिसळलेला तांब्याचा क्षार रव्याखाली तापून तांबं होतो. तांबं आणि चांदी जिथे भेटतात तिथे मिश्रण ७७९ अंशांना वितळतं, शुद्ध चांदी मात्र ९६१ अंशांपर्यंत टिकते. या मधल्या फरकातच रवा नाजूक मानेने चिकटतो. ९२.५ च्या चांदीत हा फरक इतका कमी असतो की पत्रा कोसळण्याची भीती राहते.

नवा सांधा झाळताना जुना सुटतो, तो का?

कारण दोन्हींना एकच डाख लावला. कठीण डाख साधारण ७४५ ते ७७५ अंशांना, मध्यम ७२० ते ७५०, मऊ ६५० ते ७१० अंशांना वाहतो. बनवणाऱ्यानुसार थोडा फरक असतो. पहिले सांधे कठीण, मग मध्यम, शेवटची कडी आणि दांडी मऊ डाखाने. चार-पाच टप्प्यांच्या शिखराला तीन प्रकार पुरत नाहीत. तेव्हा जुन्या सांध्यांवर गेरूचा लेप द्या, तिथे डाख वाहत नाही. लेप नव्या सांध्याला लागला तर तोही जुळणार नाही.

टाकणखाराची पेस्ट सांध्याच्या दोन्ही बाजूंना हवी. डाख फट भरत नाही. सांधा उजेडासमोर धरला आणि प्रकाश दिसला तर आधी कानस मारा. डाख ज्या बाजूला जास्त उष्णता त्या बाजूला धावतो, म्हणून जाड भाग आधी तापवायचा. पातळ कळसावर ज्योत धरली की डाख कळसावर चढतो आणि सांधा कोरडा राहतो.

झाळल्यानंतर आम्लात टाकलेली चांदी लोखंडी चिमट्याने उचलू नये. लोखंडामुळे द्रावणातलं तांबं चांदीवर बसतं आणि ती गुलाबी होते. तांब्याचा किंवा लाकडी चिमटा वापरा. पातळ आम्ल तयार करताना नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीच नाही.

ओप दिल्यावर करडे-जांभळे डाग दिसतात. ते घासून जातील?

जातात, पण बऱ्याच धातूसह, आणि तुमची बारीक नक्षीही सोबत जाते. तापवताना हवा आत शिरून चांदीतलं तांबं पृष्ठभागाखाली जळालेलं असतं. उपाय आधीचाच बरा: बोरिक ॲसिड मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये वस्तू बुडवून अल्कोहोल जाळून टाका, पांढरा थर उरतो आणि हवा रोखतो. पेटवण्याआधी बाटली बंद करून लांब ठेवा.

कीर्तिमुख ओतावं की ठोकून काढावं?

ठोकून. दारावरचं कीर्तिमुख, म्हणजे कोरलेलं उग्र मुख, उंबरठ्यावरून आत येणाऱ्याकडे डोळे वटारून बघतं. त्याच्या डोळ्यांत आणि गालांत जो फुगीर ताण असतो तो ठोकलेल्या पत्र्यात येतो. ओतकामात कडा मऊ पडतात.

पत्रा राळेवर बसवतात. राळ, विटेची बारीक पूड आणि थोडं तेल असं हे मिश्रण. तेल जास्त झालं तर पत्रा बुडतो, कमी झालं तर राळ तडकते आणि पत्रा सुटतो. आधी मागच्या बाजूने डोळे आणि गाल फुगवा, मग पत्रा काढून ताव द्या, उलटा बसवा आणि पुढून कडा ठसठशीत करा. २५ मिलिमीटरच्या मुखाला असे चार-पाच फेरे लागतात. ताव चुकवला तर नाकाच्या शेंड्यावर किंवा बुबुळाच्या कडेला चीर पडते. ती मागून डाखाने भरता येते, पण पुढे दिसतेच.

ओतकाम वाईट नाही. एकसारख्या वीस मण्यांसाठी तेच योग्य. मेणाच्या वजनाच्या सुमारे साडेदहापट चांदी लागते, ओतनळीची वेगळी.

गुलाबखिडकीत रंग कसा भरायचा?

मागे पत्रा नसलेला मिना भरून. त्यातून उजेड आरपार जातो. खिडकी ५ ते ६ मिलिमीटरपेक्षा मोठी नको आणि तिच्या भिंती उभ्या हव्यात. ओली, धुतलेली काचपूड पृष्ठताणाने खिडकीत थांबते. भट्टीत ७५० ते ८०० अंशांना दोन-तीन मिनिटं. काच आकसते, म्हणून तीन ते पाच वेळा भरावं लागतं. इतक्या तापात मऊ आणि मध्यमच नव्हे, कठीण डाखही वितळू शकतो, त्यामुळे चौकट अखंड पत्र्यातून कापलेली असेल तर उत्तम. भट्टीतून काढून गार वाऱ्यात ठेवली की काच तडकते. पूड नीट धुतली नाही तर रंग धुरकट येतो; पाणी नितळ होईपर्यंत धुवा.

चांदी मुद्दाम काळी का करतात?

दगडातली नक्षी सावलीमुळे दिसते. दागिन्यावर तेवढी सावली पडत नाही, म्हणून खाचा काळ्या कराव्या लागतात. सल्फरेटेड पोटॅशचा वाटाण्याएवढा खडा २५० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवा आणि वस्तू काही सेकंद बुडवून धुवा. हवा तितका रंग येईपर्यंत पुन्हा. एकदम जाड थर चढवला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. मग उंच भाग ओपणीने चमकवा. हे काम मोकळ्या हवेत करा आणि आम्लाजवळ बिलकूल नको. दोन्ही मिळाले की विषारी वायू निघतो. मोती आणि फिरोजा नंतरच जडवा.

पदक सारखं पुढे वाकतं. का?

फुगीर घुमटामुळे वजन पुढे आणि कडी मागच्या पत्र्यावर असते. कडी थोडी पुढे आणा, घुमटाच्या वजनाच्या रेषेत. ३० मिलिमीटरपेक्षा रुंद तोरण असेल तर दोन कड्या द्या. एका कडीवर ते फिरतं, आणि तिरकं झालेलं दार दार वाटत नाही.

कानातलं किती वजनाचं असावं?

रोजच्या वापराला प्रत्येकी ५ ते ६ ग्रॅम, कधीतरी घालायला ८ ते १० पर्यंत. दांडी ०.८ ते ०.९ मिलिमीटर जाड आणि १० ते ११ लांब. झाळल्यामुळे दांडी मऊ झालेली असते, म्हणून पकडीत धरून एक-दोन वळसे पीळ द्या, कडक होते.

दुसऱ्या श्रद्धेची चिन्हं वापरावीत का?

वास्तूचे आकार, म्हणजे कमान, घुमट, जाळी, तारा, सहसा अडचण करत नाहीत. पवित्र मजकूर आणि मूर्ती यांचं वेगळं आहे. कुराणातली आयत किंवा देवतेचं मुख पैंजणावर नको. अंगठीवरही विचार करा, कारण हात सगळीकडे जातो. स्वस्तिक हिंदू, बौद्ध आणि जैन वास्तूंत मंगल आहे, पण युरोपात बहुतेक लोक ते नाझी चिन्ह म्हणून वाचतात. तिकडे जाणाऱ्या माणसासाठी सांचीचा तळनकाशा घेतला तर हे त्याला आधी सांगा.

अर्थ सांगतानाही जपून. आमलकाला कोणी आवळा म्हणतं, कोणी कमळ, कोणी सूर्य. यातलं एकच खरं असं कार्डावर छापू नये. कळस आकाशाकडे बघतो, वेदिका आतल्या जागेला बाहेरच्या जागेपासून वेगळं करते, एवढं तर वास्तू स्वतःच सांगते.

घरी स्वच्छ कसं करायचं?

कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. जाळीत आतून बाहेर घासा. मग मऊ कापडावर पूर्ण कोरडं करा, पोकळ घुमट असेल तर भोक खाली करून रात्रभर ठेवा. चांदी साफ करणाऱ्या द्रावात बुडवू नका, खाचांतला काळा रंग जातो. मिन्याच्या दागिन्याला गरम पाणी आणि अल्ट्रासॉनिक यंत्र दोन्ही वर्ज्य. ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या पिशवीत, कळस वर करून.